हात शाबूत ठेवणारे रॉकेट

दिवाळीतली रात्रपाळी सरकारी रुग्णालयात कुणालाच नको असते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सातनंतर अपघात विभागाचे दार सतत हलत राहते. भुईनळ्याने भाजलेले तळवे, फुलबाजीच्या तापलेल्या तारेवर पडलेला अनवाणी पाय, न फुटलेला सुतळी बॉम्ब वाकून बघताना डोळ्यात उडालेली ठिणगी. पंचवीसहून जास्त दिवाळ्या मी हे पाहिले आहे. तरी तीन वर्षांपूर्वी आलेला एक मुलगा अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

तेरा वर्षांचा होता. वडिलांनी दोन्ही हातांवर उचलून आणला. उजव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला आणि तो रक्ताने भिजलेला. फटाक्यांतली दारू काढून त्याने लोखंडी नळीत भरली होती, नळीला पत्र्याचे पंख लावले होते. नळी उडालीच नाही, जवळच फुटली. अंगठा आणि शेजारची दोन बोटे गेली. कानाचा पडदा फाटला. डोळे वाचले हे नशीब. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने मला त्याची वही दाखवली. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात दिसतात तशी क्षेपणास्त्रे त्यात काढलेली होती. लांबी, जाडी, पंखांची मापे, सगळे पट्टीने आखलेले.

मी त्या मुलाला रागावलो. “कुणी सांगितलं होतं रॉकेट करायला?” असे म्हणालो. वडिलांना सांगितले, ही वही आणि ते व्हिडिओ बंद करा. त्यांनी मान डोलावली. मुलगा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. डॉक्टर म्हणून आपण योग्य तेच बोललो, असे मला तेव्हा वाटले होते.

ते चुकीचे होते, हे मला गेल्या वर्षी अमेरिकेतल्या एका माळरानावर कळले. आजचा लेख त्याबद्दल आहे.

माळरानावरची क्षेपणास्त्रे

माझा भाचा कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरजवळ राहतो. पंधरा दिवसांसाठी त्याच्याकडे गेलो होतो. “मामा, रविवारी तुला एक गंमत दाखवतो,” म्हणून त्याने पहाटेच गाडी काढली. दीड-दोन तासांनी आम्ही एका ओसाड गवताळ मैदानात पोहोचलो. शे-दीडशे माणसे, तंबू, घडीच्या खुर्च्या, कॉफीचे थर्मास. आणि गाड्यांच्या टपांवर, टेबलांवर, मागच्या सीटवर आडवी ठेवलेली क्षेपणास्त्रे! कुणी दुसऱ्या महायुद्धातले जर्मन व्ही-२ आणलेले, कुणी शीतयुद्धाच्या काळातले ऑनेस्ट जॉन, कुणी नाइकी. काही गुडघ्याएवढी, काही माणसापेक्षा उंच.

ही सगळी प्रमाणबद्ध मॉडेल्स होती. म्हणजे मूळ क्षेपणास्त्राची मापे घेऊन ती ठरावीक पटीने लहान करायची आणि त्या मापाने पुठ्ठ्याची किंवा फायबरग्लासची नळी, प्लायवुडचे पंख, प्लास्टिकचे नाक तयार करायचे. रंग, पट्टे, क्रमांकसुद्धा जुन्या छायाचित्रांवरून हुबेहूब उतरवायचे. मूळ व्ही-२ सुमारे १४ मीटर लांब आणि १.६५ मीटर जाड होते. दहापट लहान केले की १.४ मीटर उंच आणि साडेसोळा सेंटिमीटर जाड रॉकेट होते. साधारण सहा-सात वर्षांच्या ताठ उभ्या राहिलेल्या मुलापेक्षा थोडे उंच. फरक एवढाच, की हे शोकेसमध्ये ठेवायचे नसते. ते खरोखर उडवायचे, वर पॅराशूट उघडायचे आणि शाबूत खाली आणून पुन्हा उडवायचे.

भाच्याची पंधरा वर्षांची मुलगी तिचे पहिले मोठे रॉकेट घेऊन आली होती: मीटरभर उंच, दहा सेंटिमीटर जाडीचे ऑनेस्ट जॉन. मूळ ऑनेस्ट जॉन हे अमेरिकी सैन्याचे १९५०च्या दशकातले, अण्वस्त्र वाहून नेऊ शकणारे रॉकेट. त्याचे नाक मधल्या नळीपेक्षा फुगीर असते. त्या फुगीर नाकासाठी पोरीने चार महिने घासकाम केले होते.

माझ्या डोळ्यांपुढे मात्र तो रक्ताने भिजलेला टॉवेल होता. मी भाच्याला बाजूला घेऊन विचारले, “अरे, पोरीच्या हातात हे देतोस? आमच्याकडे काय येतं ते तुला माहीत नाही.”

तो म्हणाला, “मामा, म्हणूनच तर हा छंद सुरू झाला.”

चपलांचे दुकान आणि अपघातांच्या बातम्या

ती हकिकत सांगण्यासारखी आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या मुलांना रॉकेटचे वेड लागले होते आणि ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने ‘स्पुटनिक’ सोडल्यावर तर त्या वेडाला पारावार राहिला नाही. घराच्या तळघरात, गॅरेजमध्ये मुले रसायने कालवू लागली, ती धातूच्या नळ्यांत ठासू लागली. बोटे तुटली, डोळे गेले, काही मुले दगावली. ‘ऑक्टोबर स्काय’ हा चित्रपट काही वाचकांनी पाहिला असेल. तो होमर हिकम यांच्या आठवणींवर आधारलेला आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या खाणकामगारांच्या गावातला हा मुलगा पुढे नासात अभियंता झाला. पण त्याच्या पहिल्या प्रयोगात घराच्या बागेचे कुंपण उडाले होते. त्या जागी त्याचा हात असता तर ना पुस्तक झाले असते, ना चित्रपट. यशस्वी झालेल्यांच्या गोष्टी आपण ऐकतो. बोटे गेलेल्यांच्या गोष्टी रुग्णालयाच्या केसपेपरात राहतात.

त्या सुमारास न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स क्षेपणास्त्र चाचणी केंद्रावर जी. हॅरी स्टाइन नावाचा तरुण अभियंता सुरक्षेचे काम पाहत होता. त्याने एका लोकप्रिय मासिकात रॉकेटच्या कामातल्या सुरक्षिततेबद्दल लिहिले. ते वाचून नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावाहून त्याला एक पत्र आले. लिहिणारा ऑर्व्हिल कार्लाइल हा चपला-बुटांचा दुकानदार. शोभेच्या दारूकामाचा त्याला नाद होता, तर त्याचा भाऊ विमानांची मॉडेल्स करायचा. दोघांनी मिळून पुठ्ठ्याचे हलके रॉकेट, त्यात बदलता येणारी छोटी तयार मोटर आणि खाली उतरण्यासाठी पॅराशूट अशी जुळणी केली होती. १९५७च्या सुरुवातीला कार्लाइलने ही रॉकेट्स स्टाइनला पाठवली. स्टाइनने ती उडवून पाहिली आणि त्याला कळले, की मुलांच्या पत्रांना द्यायचे उत्तर हेच आहे.

ही कल्पना वैद्यकीय नजरेने पाहावी. रोगाचे मूळ कशात होते? रॉकेट उडवण्यात नव्हते. इंधन कालवण्यात आणि धातूच्या नळीत ठासण्यात होते. कार्लाइल आणि स्टाइन यांनी तेवढाच भाग मुलांच्या हातातून काढून घेतला. मोटर कारखान्यात, यंत्रावर, ठरावीक मापाने बनेल; मुलांनी बाकीचे सगळे करावे. आकार, पंख, वजन, पॅराशूट, गणित, रंग. नळी पुठ्ठ्याची, म्हणजे काही बिघडलेच तर कागद फाटतो, लोखंडाचे तुकडे उडत नाहीत. पेटवायचे ते विजेच्या तारेने, दूर उभे राहून; वात आणि काडेपेटी नाही. स्टाइनच्या पुढाकाराने त्याच वर्षी देशव्यापी संघटना उभी राहिली आणि तिची सुरक्षा संहिता आली. व्हर्नन एस्टेस या फटाके बनवणाऱ्या घरातल्या तरुणाने मोटरी तयार करणारे यंत्र बांधले. त्याचे नाव त्याने ‘मेबल’ ठेवले होते. पुढे ही छोटी रॉकेट्स अमेरिकेतल्या शाळाशाळांत पोहोचली.

सार्वजनिक आरोग्यात आम्ही हेच करतो. पाण्यातून कॉलरा पसरतो म्हणून पाणी पिणे बंद करत नाही, पाणी शुद्ध करतो. आनंद आणि धोका एकात एक गुंतलेले असतील तर दोन्ही फेकून देण्याआधी ते सुटे करता येतात का, हे पाहायचे असते.

जड नाक आणि खरे शिक्षण

मी पाहिले तो या छंदाचा थोरला भाऊ. त्याला ‘हाय पॉवर’ म्हणतात. मोटरींना इंग्रजी अक्षरांनी ओळखतात आणि प्रत्येक पुढच्या अक्षराची कमाल ताकद आधीच्याच्या दुप्पट. ही ताकद म्हणजे जोर गुणिले तो जोर किती वेळ टिकला. ती न्यूटन-सेकंदात मोजतात. शाळेतल्या रॉकेटची ‘सी’ मोटर जास्तीत जास्त १० न्यूटन-सेकंदांची. हाय पॉवर सुरू होते ‘एच’पासून, म्हणजे १६० ते ३२०. ‘एम’ मोटर १०,२४० पर्यंत जाते. एप्रिल २००९ मध्ये मेरीलँड राज्यात एका हौशी माणसाने चंद्रावर गेलेल्या सॅटर्न-५ची दहापट लहान प्रतिकृती उडवली. तीही ३६ फूट उंच आणि सुमारे साडेसातशे किलोंची होती!

इतक्या ताकदीला हात घालायचा तर पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीला ‘एच’ आणि ‘आय’, दुसरीला ‘जे’ ते ‘एल’, तिसरीला ‘एम’पासून पुढे. पहिल्या पायरीसाठी जाणत्या सदस्याच्या समक्ष रॉकेट उडवून ते शाबूत परत आणावे लागते. दुसऱ्या पायरीला लेखी परीक्षाही असते. तिसऱ्या पायरीला तर बांधणीचे आराखडे आधी अनुभवी परीक्षकांना दाखवावे लागतात. वयाची अट १८ वर्षांची. चौदा ते सतरा वयाच्या मुलांना मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली पहिल्या पायरीची मुभा एक संघटना देते. विमान वाहतूक खात्याची परवानगी वेगळी. मोटर प्रमाणित आणि कारखान्यातलीच हवी. दुसऱ्या एका संघटनेत अनुभवी सदस्यांना स्वतः मोटर बनवता येते, पण त्यासाठी वेगळे नियम आणि वेगळे उड्डाण दिवस असतात. मुलांचा तिथे संबंध नाही.

आता क्षेपणास्त्रच का, साधे गोंडस रॉकेट का नाही? मीही हे विचारले. उत्तर तांत्रिक निघाले आणि मला फार आवडले. हवेत जाणारे रॉकेट सरळ राहायचे तर त्याचा गुरुत्वमध्य पुढे आणि हवेच्या दाबाचा मध्य मागे लागतो. दोन्हींत निदान नळीच्या जाडीएवढे अंतर असावे, असा अंगठेनियम आहे. तसे नसेल तर रॉकेट सुटल्यासुटल्या गिरक्या घेते. हौशी माणसाला हवे तसे रॉकेट काढता येते: लांब नळी, मोठे पंख, की झाले स्थिर. पण व्ही-२चा आकार बुटका आणि जाडजूड. मूळ व्ही-२ला सरळ ठेवायला आत जायरोस्कोप आणि ज्वालेच्या झोतात ग्राफाइटची पाती होती. मॉडेलमध्ये यातले काही नाही, आणि पंख मोठे केले तर ते व्ही-२ राहत नाही. मग नाकात शिसे भरून गुरुत्वमध्य पुढे आणावा लागतो. वजन वाढले की मोटर मोठी लागते. मोठी मोटर शेपटीत बसवली की शेपूट जड, पुन्हा नाकात वजन! पोरगी मला वहीत हे सगळे समजावून सांगत होती. “मामाआजोबा, हे औषधाच्या डोससारखंच आहे. एक वाढवलं की दुसरं बघावं लागतं.”

या छंदाची एक बाजू मात्र मला टोचली, आणि ती इथे लिहिली नाही तर लेख अपुरा राहील. टेबलावरचे ते काळ्या-पांढऱ्या चौकटींचे व्ही-२ सुंदर दिसत होते. त्या चौकटी चाचणीच्या वेळी रॉकेट स्वतःभोवती फिरते का, हे चित्रफितीत दिसावे म्हणून रंगवल्या जात. पण ते रॉकेट युद्धात कसे वापरले गेले? ८ सप्टेंबर १९४४ रोजी ते पहिल्यांदा लंडनवर पडले. १६ डिसेंबर १९४४ रोजी बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात ते भर खेळात ‘रेक्स’ चित्रपटगृहावर पडले आणि ५६७ माणसे मेली. आणि ते बनवणारे कोण? मिटेलबाऊ-डोरा छळछावणीतले कैदी. तिथल्या सुमारे साठ हजार कैद्यांपैकी वीस हजारांच्या आसपास उपासमारीने, रोगांनी, अतिश्रमांनी आणि फाशीने मेले. त्या शस्त्राच्या माऱ्यात जितके मेले त्याहून जास्त ते तयार करण्यात मेले.

त्या मॉडेलच्या मालकाला, निवृत्त शिक्षकाला, मी हे विचारले. त्याने रागावून उत्तर दिले नाही. रॉकेटसोबतची फाइल उघडली. हुबेहूबपणाचा पुरावा म्हणून हौशी लोक आराखडे आणि छायाचित्रे जमवतात, त्याची ती फाइल. तिच्या पहिल्या पानावर डोरा छावणीतल्या बोगद्याचे छायाचित्र होते. “माप खरं द्यायचं तर हेही मापच आहे,” असे तो म्हणाला. प्रत्येक जण असे करत असेल असे मी म्हणणार नाही. पण मुलांच्या हाती क्षेपणास्त्राचे मॉडेल द्यायचे तर ते असेच द्यावे, असे माझे मत झाले. पंखाचे माप शिकवा, आणि त्या पंखाखाली कोण मेले तेही शिकवा. शस्त्राची आरती नको आणि विसरही नको. त्याच घराण्यातली यंत्रे विज्ञानाच्या कामीही आली आहेत. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळमधल्या थुंब्याहून भारताच्या भूमीवरचे पहिले अवकाश संशोधन रॉकेट उडाले, ते अमेरिकी ‘नाइकी-अपाची’. त्याचा खालचा टप्पा नाइकी क्षेपणास्त्राकडून आलेला होता. आपला अवकाश कार्यक्रम असा एका शस्त्राच्या खांद्यावर उभा राहून सुरू झाला.

“नाही” म्हणणारा माणूस

उडवण्याआधी प्रत्येक रॉकेट तपासणीच्या टेबलावर जाते. तिथे बसलेला सुरक्षा अधिकारी सत्तरीचा असावा. त्याने पोरीचे ऑनेस्ट जॉन हातात घेतले आणि एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. मोटर कोणती? सरासरी जोर रॉकेटच्या वजनाच्या निदान तिप्पट आहे का? गुरुत्वमध्य कुठे, दाखव. पॅराशूटची दोरी कशाला बांधली? नाक फार घट्ट नाही ना, वर गेल्यावर सुटेल ना? मग त्याने प्रत्येक पंख दोन बोटांत धरून हलवला. तिसऱ्या पंखाशी थांबला. पंखाच्या मुळाशी केसाएवढी भेग होती. गाडीतल्या हादऱ्यांनी गेली असावी.

“आज नाही,” तो म्हणाला.

पोरीचा चेहरा उतरला. आणि इथे मला कबूल करायला हवे. सकाळी भाच्याला दटावणारा मी पुढे झालो आणि म्हणालो, “फक्त रंगाला गेलेली भेग असेल. मी भारतातून आलोय, परवा परत जातोय. एकदा उडवू द्या ना.”

तो हसला. “रंगाची असेल डॉक्टर. नसेलही. तुम्ही पेशंटवर टाकाल का हा डाव?”

मी गप्प बसलो. मला आमच्या वॉर्डातली एक सिस्टर आठवली. फार वर्षांपूर्वी राउंडच्या घाईत मी एका इंजेक्शनची ऑर्डर दिली. ती म्हणाली, “सर, केसपेपरवर ॲलर्जी लिहिली आहे, एकदा बघता का?” चारचौघांत टोकल्याचा मला राग आला होता. ती बरोबर होती. तिने टोकले नसते तर काय झाले असते, हे आजही आठवले की पोटात गोळा येतो. शस्त्रक्रियेआधी नाव, जागा, ॲलर्जी मोठ्याने वाचून खात्री करायची तपासणी यादी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली आणली. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. त्यात दिल्लीचेही एक होते. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. यादी म्हणजे कागदाचा तुकडा. तिची खरी ताकद ही, की तिने खोलीतल्या सर्वांत लहान माणसालाही “थांबा” म्हणण्याचा अधिकार दिला.

त्या माळरानावर हाच अधिकार मला जागोजाग दिसला. प्रज्वलक मोटरमध्ये घालायचा तो रॉकेट उड्डाणाच्या चौथऱ्यावर उभे केल्यावरच. पॅराशूट उघडणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा चालू करायची तीही तिथेच, कारण तिच्यामागे थोडी दारू असते आणि टेबलावर ती उडाली तर बोटे जातात. ‘एच’ मोटर असेल तर माणसे निदान १०० फूट लांब, ‘एम’ असेल तर ५००. वारा ताशी ३२ किलोमीटरच्या वर गेला की उड्डाण बंद. निदान पाच सेकंद मोठ्याने उलटी मोजणी. पेटले नाही तर मिनिटभर कुणी जवळ जायचे नाही. आपल्याकडे न फुटलेला फटाका बघायला लगेच धावतात. दिवाळीत डोळ्यांच्या कित्येक जखमा त्याच मिनिटातल्या असतात.

आपल्याकडे काय करता येईल

कोलोरॅडोची माळराने आपल्याकडे नाहीत, हा आक्षेप मला मान्य आहे. दाट वस्ती, कडबा, गवताच्या गंजी आणि वर विमानांची ये-जा असताना हाय पॉवर रॉकेट गावोगाव उडावीत, असे मी म्हणणार नाही. स्फोटक पदार्थांचा कायदा कडक आहे, तो असायलाच हवा. छंद महागही आहे. पण कायदा “करू नका” एवढेच सांगतो. पट्टीने क्षेपणास्त्र आखणाऱ्या मुलाने मग काय करावे, हे त्याला कुणीतरी सांगायला हवे. त्याला उघडे दार दिसले नाही तर तो खिडकीतून जाईल, आणि त्या खिडकीखाली आमचा अपघात विभाग आहे.

दार उघडायला फार लागत नाही. पाण्यावर आणि सायकलच्या पंपावर उडणारे बाटलीचे रॉकेट कोणत्याही शाळेत करता येते. त्यातही गुरुत्वमध्य, पंख, पॅराशूट हे सगळे गणित असते. बाटलीला चीर असेल तर ती फुटू शकते, म्हणून तिथेही डोळ्यांवर चष्मा, लांब दोरीने सोडणे आणि तपासणारे गुरुजी हवेत. ज्यांना पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी ‘इन-स्पेस’ या केंद्र सरकारच्या संस्थेने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या मॉडेल रॉकेट स्पर्धा सुरू केल्या आहेत. तिथे देखरेखीखाली, तयार मोटरीवर रॉकेट उडतात. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आसपासच्या शाळांतल्या अशा दोन-चार मुलांना वर्षातून एकदा बोलावले, त्यांची रॉकेट्स तपासली, नापास केली, दुरुस्त करून घेतली, तरी पुष्कळ झाले. प्रत्येक विज्ञान मंडळात एक माणूस असा हवा, की ज्याचे “आज नाही” पाहुण्यांपुढे आणि पुढाऱ्यांपुढेही टिकेल.

पालकांसाठी एकच नियम: फटाके फोडून त्यातली दारू काढणे, कुठलीही रसायने कालवणे आणि धातूच्या नळीत किंवा डब्यात काहीही ठासणे, याला कधीही, कुणाच्याही देखरेखीखाली परवानगी नाही. त्यापलीकडे मापे घेऊ द्या, पंख कापू द्या, कितीही प्रश्न विचारू द्या.

आणि अपघात झालाच तर हे लक्षात ठेवा. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे नळाचे साधे वाहते पाणी धरा; बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काहीही लावू नका. अंगठी, बांगडी, घड्याळ सूज येण्याआधी काढा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात उंच धरा. तुटलेले बोट सापडले तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फाला लावू नका. डोळ्यात काही घुसले असेल तर चोळू नका, धुऊ नका, ओढून काढू नका. डोळ्यावर दाब न येईल अशी कागदी वाटी ठेवून डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.

पोरीने पंख काढून पुन्हा चिकटवला. महिन्याभराने तिचे ऑनेस्ट जॉन उडाले. भाच्याने व्हिडिओ पाठवला: हिरवट रॉकेट, पांढरी धुराची रेघ, वर टिंब, मग केशरी पॅराशूट.

दोन महिन्यांपूर्वी तो मुलगा माझ्या ओपीडीत आला. दहावीला बसायचे आहे, लेखनिक मिळावा म्हणून अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी. डाव्या हाताने लिहायला शिकतो आहे. हाताच्या एकूण कामापैकी सुमारे चाळीस टक्के काम एकट्या अंगठ्याचे मानतात. त्याचा उजवा अंगठा नाही. कागदावर सही करून झाल्यावर मी त्याला म्हणालो, “तेव्हा मी तुला चुकीचं रागावलो. रॉकेट करावंसं वाटलं यात तुझी काही चूक नव्हती. दारू कालवलीस, ती चूक होती. आणि ती सांगायला आम्ही कुणी आधी आलो नाही, ही आमची.” वडील बघत राहिले. मी फोनवर तो व्हिडिओ लावून दिला.

त्याने तो दोनदा पाहिला. मग विचारले, “सर, नाक एवढं फुगीर आहे. आत वजन किती घातलं होतं तिने?”

मला माहीत नव्हते. मी भाच्याला विचारून सांगतो म्हणालो, आणि त्याची वही अजून आहे का, हे त्याच्या वडिलांना विचारले.